सरळ करण्याआधीचा आकडा

६ फेब्रुवारी

दादाने आज विचारलं, "आई वहिनीचं ड्रेसिंग करायची तेव्हा तू तिथेच असायचीस ना? काय पाहिलंस ते सांग."

मी पाहिलं तेवढंच सांगितलं. हातमोजे घातले नव्हते. हात साबणाने धुतले, अंदाजे वीस सेकंद. मग फडक्याला पुसले आणि जुनी पट्टी काढली. मी दारात उभी होते, ड्रेसिंगचा डबा माझ्याच हातात होता. फडकं पांढरं, दोरीवरून काढलेलं.

"फडक्याला पुसले?"

"हो."

तो उठला. चपला घालून मोठ्या हॉस्पिटलात गेला. वहिनीचं सिझर झालं १४ जानेवारीला, कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहात. मुलगी झाली. २७ तारखेला वहिनीला ताप आला, टाके चिघळले, तिला मोठ्या हॉस्पिटलात हलवून जखम पुन्हा उघडावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो हाच: घरी ड्रेसिंग कोण करत होतं?

दादाने मलाच विचारलं, कारण मी तिखटमीठ लावून बोलत नाही. लहानपणापासून घरात भांडण झालं की साक्षीला मला बोलावतात. ही रोजनिशी कोणासाठी नाही. कॉलेजात शिकवलं होतं की नोंद त्याच दिवशी करावी, दुसऱ्या दिवशी ती आठवण होते.

११ फेब्रुवारी

आज त्याच प्रसूतिगृहात काम होतं. आमची प्रयोगशाळा मोजणारी यंत्रं तपासते: वजनकाटे, दाबमापक, तापमापक. प्रसूतिगृहाचं वर्षाचं कॅलिब्रेशन आत्ताच येतं.

काटे ठीक होते. लहान बाळांचा काटासुद्धा. शेवटी ऑटोक्लेव्ह, म्हणजे ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायची टाकी. तिच्यात आमच्या तापमापकाचा प्रोब टाकून झाकण लावलं. तिच्या पडद्यावर १२१.० आलं तेव्हा आमचा तापमापक ११६.९ दाखवत होता. तीनदा केलं. तीनही वेळा तेच.

मास्तरांना फोन केला. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ. प्रयोगशाळेत हात चालवायला सगळ्यांना त्यांनीच शिकवलं.

"किती?"

"चार पूर्णांक एक. जास्त दाखवतंय."

"मेनूत जा, ऑफसेट सरळ कर. मग लिही."

"मास्तर, अ‍ॅज फाउंडच्या रकान्यात..."

"तिथे शून्य पूर्णांक सहा लिही. शून्य लिहू नकोस, शून्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. अगं, आधी पेशंट बरा करावा, मग विचारावं काय होत होतं. चार लिहिलंस तर तिथल्या डॉक्टरीणबाईंना वर्षभरात ऑपरेशन झालेल्या बायका शोधत फिरावं लागेल."

सिस्टरताई दारात उभ्या होत्या. अकराचं ऑपरेशन लागलं होतं. "झालं का हो ताई? डॉक्टरीणबाई डोकं खातायत माझं."

चार बटणं दाबली, पडद्यावरचा आकडा आमच्या तापमापकाशी जुळवला. सरळ केल्यावर फरक ०.२. सर्टिफिकेटवर अ‍ॅज फाउंड, म्हणजे आधीचा फरक, ०.६; अ‍ॅज लेफ्ट, म्हणजे नंतरचा, ०.२. सही केली. खरा आकडा कुठेतरी लिहिलेला असावा म्हणून इथे: ४.१ अंश, जास्त.

निघताना सिस्टरताईंनी बाळ कसं आहे विचारलं. बरं आहे म्हटलं.

१४ फेब्रुवारी

वहिनीला घरी सोडलं, पण ती आपल्या घरी आली नाही. हॉस्पिटलातून परस्पर माहेरी. बाळ अर्थातच तिच्याबरोबर. दादा सामान न्यायला आला, आईने आधीच सगळं बांधून ठेवलं होतं.

"काही दिवस राहू दे तिला," दादा म्हणाला. "तिची आई सांगते, घरात जंतू आहेत."

"घरात म्हणजे कुठे रे?" आईने विचारलं.

दादा पिशवीची गाठ पुन्हा बांधत बसला. ती सुटलेली नव्हती.

आईने हात धुतले. पंचावन्न सेकंद. मला सवय आहे, मी मोजते.

२१ फेब्रुवारी

आईच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या आहेत. मलम आणून दिलं. म्हणाली, "मलम लावलं की पुन्हा धुवावेसे वाटतात." साबण बदलायला सांगितलं.

दादा आता जेवायला, झोपायला सासुरवाडीलाच असतो. रोज एक फोटो पाठवतो. आई फोन टेबलावर ठेवून वाकून बघते, हातात घेत नाही. फोटो सरकवायचा असला की मला हाक मारते.

२ मार्च

ऑडिटची तारीख आली: १३. साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. गेल्या वर्षी ऑडिटरने एका तंत्रज्ञाला विचारलं होतं, अ‍ॅज फाउंड म्हणजे काय? त्याने छातीठोक सांगितलं, "सगळं व्यवस्थित आढळलं, असा अर्थ." त्यावरून लेखी ताशेरा आला.

साहेब म्हणाले, "इंग्रजी माझंही बेतास बात आहे, पण इतकं? फॉर्मवर रोज लिहिता ते काय लिहिता हे तरी माहीत असू दे. एक पान करायचं, योग्य वापर, अयोग्य वापर, उदाहरण. भिंतीवर लावू." मग माझ्याकडे बघून, "तू कर. तुझं डोकं स्वच्छ आहे."

गाडीचे ड्रायव्हर मागे उभे होते. म्हणाले, "सापडलं तसं. त्यात काय एवढं?" सगळे हसले. सगळ्यांत बरोबर तेच होते.

आठ महिन्यांच्या नोकरीत पहिल्यांदा मला माझं काम मिळालं असं वाटलं.

५ मार्च

अर्धं पान झालं. इथे उतरवते.

'अ‍ॅज फाउंड: यंत्राला हात लावण्याआधी जे आढळलं ते. स्क्रू फिरवण्याआधी, पुसण्याआधी, काचेवर टिचकी मारण्याआधीसुद्धा. हा शेरा नाही, शाबासकी नाही, यंत्र पास झाल्याची खूण नाही. यंत्र कालपर्यंत काय करत होतं याचा हा एकमेव पुरावा असतो, आणि यंत्र सरळ केलं की तो पुन्हा कोणालाही, कोणत्याही उपायाने मिळवता येत नाही.

अयोग्य वापर: आधी यंत्र सरळ करून मग या रकान्यात लिहिणं. त्यामुळे नुकसान यंत्राचं होत नाही. मागच्या काळात त्या यंत्रावर ज्यांनी भरवसा ठेवला त्यांचं होतं.

उदाहरण: समजा, एका प्रसूतिगृहातला ऑटोक्लेव्ह १२१ दाखवतो आणि आत ११७ आहे. समजा, त्या काळात तिथे एका बाईचं सिझर'

एवढं लिहून झालं आणि पुढे लिहिलं नाही.

६ मार्च

हिशेब केला. चार अंश कमी असले की वाफेचा मारा अर्ध्याहूनही कमी होतो. पंधरा मिनिटं ठेवलेल्या हत्यारांवर जेमतेम सहा मिनिटांइतकं काम.

यावरून वहिनीची जखम त्यामुळेच चिघळली हे सिद्ध होत नाही. ऑटोक्लेव्ह कधीपासून चुकत होता हे माहीत नाही. आईच्या हातांमुळे चिघळली हेही सिद्ध होत नाही. दोन शक्यता होत्या. एक मी दादाला सांगितली. दुसरी चार बटणं दाबून पुसून टाकली. तेव्हा लक्षात आलं नाही हे खरं आहे. हे खरं असल्याचा उपयोग काय ते मला कळत नाही.

मास्तरांशी जेवणाच्या सुट्टीत बोलले. ते डबा उघडत होते.

"तुझी वहिनी? तिथेच झाली होती बाळंत?" त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. "मला काय स्वप्न पडलं होतं का गं?"

"तुम्हाला दोष देत नाही."

"देत नाहीस म्हणतेस आणि बघतेस तर अशी. पंधरा वर्षं मी असंच लिहितोय. आजवर एक माणूस गेला नाही त्याच्यामुळे."

"ते तुम्हाला कसं कळणार?"

मास्तरांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "जेवून घे जा."

त्यांनी डबा पुन्हा उघडला नाही.

९ मार्च

पान पूर्ण केलं. उदाहरण बदललं: वर्कशॉपमधला दाबमापक. साहेबांनी चौकटीत बसवून दाराशेजारी लावलं. "वा! लहान मुलालाही कळेल." खाली माझं नाव.

१३ मार्च

ऑडिट झालं. ऑडिटर शांत गृहस्थ, चष्मा कपाळावर. भिंतीवरचं पान त्यांनी उभं राहून पूर्ण वाचलं. "कोणी लिहिलंय?" साहेबांनी मला पुढे केलं.

"छान लिहिलंय. या शब्दप्रयोगाची इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याच प्रयोगशाळेत वाचलेली नाही." मग वही उघडून, "सरळ केल्यानंतरचा आकडा या रकान्यात लिहिला, असं तुमच्याकडे कधी झालंय?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मास्तर खिडकीबाहेर.

मी म्हणाले, "आमच्या कार्यपद्धतीत ते चालत नाही."

हे वाक्य खोटं नाही. प्रश्नाचं उत्तरही नाही. त्यांनी ते उत्तर म्हणून लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

'पेढ्यांऐवजी ही,' असं म्हणून साहेबांनी सगळ्यांना लवकर सुट्टी दिली. दुपारी चारला घरी पोचले. आई बाळाचे मागे राहिलेले कपडे घडी करत होती. चार झबली, दोन टोपडी. हातात रबरी मोजे. ड्रेसिंगच्या डब्यात उरलेले.

"आई, ते मोजे कशाला?"

"अगं, न्यायला येईल दादा. बाळाच्या अंगाला लागायचेत ना हे."

मोज्यांमधून तिला बंद बांधता येत नव्हते. मी बांधायला गेले तर म्हणाली, "तू नको, तुझे हात चांगले आहेत, पण बाहेरून आलीयस."

१४ मार्च

दादाला घरी बोलावलं आणि ११ फेब्रुवारीचं पान वाचायला दिलं. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

"हे तू तेव्हा लिहिलंयस?"

"त्याच दिवशी."

"आणि आज मार्चची चौदा आहे."

"मला पाच तारखेला कळलं."

"मग पाच ते चौदा काय करत होतीस?"

मी म्हटलं, ऑडिट होतं. तो हसला. असा हसताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

"आई महिनाभर या घरात... आणि तू मलमं आणून देतेस." वही त्याने माझ्या अंगावर टाकली नाही. टेबलावर हळू ठेवली, आणि सरळ प्रसूतिगृहात गेला.

तासाभराने त्याचा फोन आला. डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही, फाइल काढून समोर ठेवली. ऑटोक्लेव्ह, अ‍ॅज फाउंड ०.६, मर्यादेत. "त्या म्हणाल्या, सही तुमच्या बहिणीचीच आहे ना?"

१७ मार्च

सर्टिफिकेट चुकलं तर दुरुस्तीची पद्धत ठरलेली आहे. प्रयोगशाळेची प्रत काढायची, चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा, सही, आजची तारीख. ग्राहकाला लेखी सूचना.

तसं केलं. ०.६ वर रेघ, शेजारी ४.१. सूचनेत लिहिलं की मी चुकीची नोंद केली आणि गेल्या वर्षातली ऑपरेशनं तपासून बघावीत. डॉक्टरीणबाईंना रजिस्टर पोस्टाने पाठवली. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, एक ऑडिटरच्या पत्त्यावर पाठवली. मास्तरांच्या फोनचा उल्लेख केला नाही. बटणं मी दाबली होती.

१९ मार्च

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"मोजतानाचा कच्चा कागद कुठे आहे?"

"नाही. आपण ठेवत नाही."

"आपण काय करत नाही ते सोड. ४.१ आला कुठून?"

"माझ्या रोजनिशीतून."

"रोजनिशीतून." त्यांनी चष्मा काढला. "ज्या बाईच्या घरच्या पेशंटचं प्रकरण आहे, तिच्या घरच्या वहीतून. आणि तेरा तारखेला ऑडिटरसमोर सही करून सांगितलंस की असं चालत नाही. आता मी कुठल्या सहीवर विश्वास ठेवू? ही की ती की ती?"

तिन्ही सह्या त्यांनी ओळीने मांडल्या होत्या. तिन्ही अगदी सारख्या होत्या.

मला त्यांच्या जागी बसवलं असतं तर मीही हेच विचारलं असतं.

सही करण्याचा अधिकार काढून घेतला. महिनाअखेर राजीनामा द्यायचा. बाहेर आले तर मास्तर माझ्या टेबलाशी उभे होते. "माझं नाव का नाही घातलंस?" मी म्हटलं, घालायचं असेल तर तुम्ही घाला. ते म्हणाले, "निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत गं." आणि गेले.

२६ मार्च

प्रयोगशाळेने प्रसूतिगृहाला पाठवलेल्या पत्राची प्रत दादाने आणली. 'संबंधित तंत्रज्ञाचा या बाबतीत कौटुंबिक हितसंबंध असल्याने त्यांनी परस्पर पाठवलेली सूचना ग्राह्य धरू नये. मूळ प्रमाणपत्र कायम आहे.' भाषा निर्दोष आहे. ऑडिटरकडून फक्त पोच आली.

दादाने वहीतल्या त्या पानाचा फोटो वहिनीला दाखवला होता. तिने मला फोन केला. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज ऐकला, बारीक झाला आहे.

"वन्सं, मी भांडायला फोन केलेला नाही. एकच सांगा. त्या फडक्याचं तुम्हीच सांगितलं होतंत ना ह्यांना?"

"हो."

"आणि हे मशीनचंही तुम्हीच सांगताय."

"हो."

"तेव्हा तुमच्या आईंना वाचवायचं काही कारण नव्हतं तुम्हाला. आता आहे. मग मी पहिलं खरं धरू की दुसरं?"

मी म्हणाले, दोन्ही खरी आहेत.

"ते तुमच्या ऑफिसात," वहिनी म्हणाली. "माझं पोट दोनदा फाडलंय."

३० मार्च

तरीही तिनेच बोलावलं. दादाने काय सांगितलं माहीत नाही. मी आणि आई दुपारी गेलो. वहिनीच्या आईने पाणी दिलं, पंखा लावला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

बाळ गादीवर पडलं होतं. अडीच महिन्यांचं. डोळे दादाचे. वहिनीने उचलायला अंमळ वेळ घेतला, अजून वाकताना पोटाला हात लावते. मग उचलून आईसमोर धरलं.

"घ्या आई."

वहिनीच्या आईचा चेहरा पडला. दादा माझ्याकडे बघत होता. आईचे हात पाठीमागे होते.

"नको गं. अजून थोडे दिवस."

"घ्या म्हणतेय ना मी."

"इथूनच बघते. छान दिसते. ठेव तिला, तुझे टाके दुखतील."

वहिनी बाळ तसंच धरून उभी राहिली. मी सांगून पाहिलं, "आई, त्या टाकीत अंश कमी होते, मी तुला समजावलं ना." आई म्हणाली, "तू समजावलंस. मला समजलं." आणि हात मागेच ठेवले. शेवटी वहिनीने बाळ परत निजवलं. तिचे डोळे भरले होते, कोणावरच्या रागाने ते कळलं नाही.

परत चालत आलो. चौकात सिग्नलला थांबलो असताना आई म्हणाली, "तू दादाला सांगितलंस ते खरंच होतं. पुसले होते मी हात फडक्याला."

"माहीत आहे."

"ते पांढरं वेगळं ठेवलं होतं तिच्यासाठी. रोज सकाळी उकळायचे, इस्त्री करायचे. ओट्यावरचं निळं असतं आपलं."

मी विचारलं, हे तेव्हा का नाही बोललीस?

"मला कुठे कोणी विचारलं. तुला विचारलं." सिग्नल सुटला. "आणि तू सांगितलंस म्हटल्यावर वाटलं, असेल काहीतरी. तू उगाच नाही बोलायचीस."

३१ मार्च

आज नोकरीचा शेवटचा दिवस. भिंतीवरचं पान तसंच आहे. खाली माझं नाव होतं तिथे कागदाची पट्टी चिकटवली आहे. मजकूर बरोबर असल्यामुळे तो काढलेला नाही.

घरी येऊन ६ फेब्रुवारीचं पान उघडलं. पांढरं, दोरीवरून काढलेलं, हे मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. दादाला सांगताना नुसतं फडकं म्हणाले. 'फडक्याला पुसले' वर एक रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'उकळलेल्या, इस्त्री केलेल्या फडक्याला पुसले'. सही, आजची तारीख. आधीचं वाचता येतं.

स्वयंपाकघरात नळ सुरू आहे. मी मनगटावरचं घड्याळ काढून खणात ठेवलं. तरी आकडे मनात चालूच आहेत, एकशे दहा, एकशे अकरा.